कामगिरीचा रकाना

स्मरणिकेच्या फॉर्मवर चार रकाने:
नाव, तुकडी, पत्ता, कामगिरी.
पहिले तीन मी दुकानातच भरले,
ग्रीस लागलेल्या बोटांनी.
चौथा तसाच ठेवून तिबिलिसीची बस पकडली.

उपाहारगृहात टेबलं जोडून एक केलेली,
खाचापुरीचं चीज अजून तारा सोडत होतं.
रेवाझ आमचा तमादा, म्हणजे प्याल्यांचा सूत्रधार;
तो बोलल्याशिवाय कुणी ओठ ओले करायचे नाहीत.
वर्णपटांवर आयुष्य गेलं त्याचं,
पण आवाज लग्न लावणाऱ्याचा.

पहिला प्याला बादरीला:
त्याने घासलेले आरसे म्हणे
दोन ताऱ्यांची टक्कर ऐकतात.
(आरसे ऐकतात कसे, हे त्याने मला
काटेचमचे मांडून समजावलं. नाही समजलं.)
दुसरा एतेरीला: स्वानेतीच्या डोंगरात शाळा,
पन्हळीच्या नळाची दुर्बीण,
आणि शनीची कडी पाहून
देवाला शिवी हासडणारा एक मुलगा.
तिसरा नुगझारला, तो गॉटिंगेनहून आलाय,
आपलीच भाषा बोलताना
नवे बूट घातल्यासारखा चालतो.
चौथ्याला सगळे उठून उभे राहिलो.
वाख्तांग. सुखुमीला गेला.
त्याची वही प्रयोग सतरावर थांबलेली.
कुणी काही बोललं नाही,
ताटलीत एक सुरी तेवढी वाजली.

मग रेवाझची नजर माझ्याकडे.
"त्सियाला! रुस्तावीच्या रस्त्यावर
हिच्याइतकं चाकांचं कुणाला कळत नाही!"
हसले सगळे, मीही हसले,
दात दाखवायला काय लागतं.

तेव्हा मेडियाने पर्स उघडली.
चौकटींचा कागद, घड्यांवर फाटलेला.
"त्र्याण्णवचा जानेवारी," ती म्हणाली.
वर लामाराबाईंच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द:
कामगिरी.
खाली वार आणि नावं.
सोमवार बादरी. मंगळवार मेडिया.
बुधवार वाख्तांग.
रविवार मी.

तो हिवाळा. वीज नाही, गॅस नाही,
प्रयोगशाळेतल्या बेसिनला बर्फाची साय.
उबवणीचं कपाट मेलेलं,
आणि पाच नळ्यांतले जीव,
डोळ्यांना न दिसणारे,
बाईंनी वीस वर्षं जपलेले,
त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब हवी.
मग माणसाचंच अंग, दुसरं आहे काय आपल्याकडे,
असं म्हणून बाईंनी कागद घेतला होता.

लोकरी मोज्यात नळ्या, मोजा पोटाशी बांधलेला.
म्त्क्वारीच्या काठाने मी चालत घरी गेले,
पावाच्या रांगेत कुणी धक्का दिला
तर दोन्ही हात आधी पोटावर.
एका म्हातारीने मला पुढे जागा दिली,
कितवा महिना, म्हणाली.
मी म्हटलं, पहिलाच दिवस.
रात्रभर कूस बदलली नाही.
छत बघत पडले. श्वासही मोजून.
भाऊ म्हणायचा, अंडी घालणार आहेस का?

सकाळी खिडकीशी एकेक नळी उजेडात धरायची.
लोकांना पाणी नितळ लागतं;
आमच्या शास्त्रात गढूळ म्हणजे जिवंत.

"त्या जीवांचे वंशज," मेडिया म्हणाली,
"माझ्या फ्रीजरमध्ये आहेत, चार देशांत आहेत.
निबंधांत त्यांना क्रमांक असतो. आपण नसतो."
रेवाझ, ज्याला शब्द कधी कमी पडत नाहीत,
प्याला हातात धरून नुसताच उभा.
शेवटी म्हणाला, "गाउमार्जोस,"
आणि ते कुणासाठी ते सांगायचं विसरला.

निघताना हळूच विचारलं त्याने,
हिवाळी टायर, जुने चालतील, किती पडतील?
म्हटलं, सोमवारी ये. तुझ्यासाठी जुने नाहीत.

बसमध्ये फॉर्म गुडघ्यावर घेतला.
गाडी हादरत होती, अक्षर वाकडं आलं.
चौथ्या रकान्यात लिहिलं:
रविवार.
आणि खाली, बारीक:
नळ्या पाच. पाचही गढूळ.